विहारचे पाणी कोणाचे? उपनगरे, नळ आणि हद्दीची रेघ

१/ मुंबईला नळाने पाणी देणारा पहिला तलाव म्हणजे विहार. तो १८६० मध्ये पूर्ण झाला. बांधला गेला साष्टीच्या डोंगरांत, म्हणजे आजच्या उपनगरात. पाणी मात्र गेले दक्षिणेच्या बेटावर. उपनगरांच्या पाणीपुरवठ्याची कथा या विसंगतीपासून सुरू होते.

२/ पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. तानसाची जलवाहिनी शहापूरहून निघून मुलुंड, घाटकोपर ओलांडत शहरात पोहोचली. ही गावे तेव्हा मुंबईच्या हद्दीबाहेर होती. शिवारातून लोखंडी नळ जात होता. गावाचा मुख्य आधार मात्र विहीर आणि तळे हाच होता.

३/ रेघ सरकली ती स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. अंधेरी, घाटकोपर पहिल्या टप्प्यात आले. बोरिवली, मुलुंड दुसऱ्या. वैतरणेवरचा मोडक सागरही याच दशकातला.

४/ नकाशावरची रेघ एका कायद्याने सरकते. जमिनीखालचे जाळे विणायला पिढ्या जातात. त्यातही पाणी आधी येते, मलवाहिनी मागाहून. पाणी दाबाने चढवता येते. मैलापाणी उताराने वाहते, सखल भागात त्याला उदंचन केंद्र लागते. शिवाय नळाचे उद्घाटन होते. गटाराचे कोण करणार?

५/ या दिरंगाईची साक्ष मिठी नदी देते. विहार आणि पवईच्या सांडव्यांतून ती उगम पावते. ज्या तलावाने शहराची तहान भागवली, त्याचीच नदी पुढे वस्त्यांचा मैला वाहते. २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती ते सारे घेऊन घरांत शिरली.

६/ हद्द वाढल्यावर नवी रेघ आली, ती तारखेची. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा असेल तर नळजोडणी. पुढे हे वर्ष २००० झाले. एकाच गल्लीत एका घराला अधिकृत नळ, शेजारच्याला टँकर. पूर्वी गाव हद्दीबाहेर होते. आता हद्दीतला माणूस बाहेर राहिला.

७/ पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले २०२२ मध्ये. निकाल आणि धोरण यांत आठ उन्हाळे गेले.

८/ आक्षेप असा की, पाणी दिले तर अतिक्रमण वाढेल. पण नळ नाकारला म्हणून कोणी पाणी प्यायचे थांबत नाही. ते महाग आणि अशुद्ध मिळते, इतकेच. आणि पाणी दिल्याने झोपडी अधिकृत ठरत नाही. तहान आणि मालकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

९/ हीच कसोटी मनोऱ्यांनाही लावावी. जुन्या चाळीच्या जागी तीस मजले उठतात, कुटुंबे कैक पटींनी वाढतात. रस्त्याखालची मलवाहिनी मात्र बहुधा जुनीच. माझे मत स्पष्ट आहे: वस्ती गरिबाची असो वा श्रीमंताची, पाणी तारीख पाहून नाकारू नये आणि मलवाहिनीची क्षमता सिद्ध झाल्यावाचून नव्या इमारतीत कोणी राहायला येऊ नये.

१०/ शेवटी पुन्हा शहापूर. तानसा, भातसा याच तालुक्यात. तरी तिथल्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. १८९२ मध्ये मुलुंड जिथे उभे होते, तिथे आज शहापूर उभे आहे. तेव्हा हद्दीबाहेर असलेले आपण आज हद्दीच्या आत आहोत. नळ सोडताना एवढे स्मरले, तरी इतिहास वाचल्याचे सार्थक होईल.