गाडी बदलली, विम्याचा कागद तोच

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ थांबले, की पांढऱ्या नंबर प्लेटच्या किती गाड्यांत भाड्याची माणसे बसली आहेत ते दिसते. कुणी मागे जादा बाकडे टाकले आहे, कुणी पेट्रोलच्या गाडीला गॅस किट लावला आहे, कुणी पुढे जाडजूड लोखंडी गार्ड ठोकला आहे. यात लबाडी केली असे कुणालाच वाटत नाही. गाडी आपली, पैसा आपला, मग विचारायचे कुणाला? हा प्रश्न आठवतो तो अपघात झाल्यावर, विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीचे फोटो काढू लागतो तेव्हा.

आर्वीकडचे एखादे घर डोळ्यांसमोर आणू या. थोरल्या मुलाने जुनी व्हॅन घेतली, किट बसवला, बाकडे वाढवले. सकाळी शाळेची मुले, सराईत बारात, एरवी वर्धा आणि सेवाग्रामच्या दवाखान्यांच्या फेऱ्या. सारे घर त्यावर चालते. आरसी बुकात आणि पॉलिसीत मात्र लिहिले आहे: खासगी वापर, इंधन पेट्रोल, आसने पाच. रात्री पुलगावच्या रस्त्यावर ही गाडी एका मोटारसायकलवाल्याला धडकते. आता विमा चालेल का?

याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणारे पुष्कळ भेटतात, एजंटही भेटतात. आमच्या मते दोघेही घोटाळा करतात, कारण ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो त्यात दोन वेगळे करार असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले त्याचा, म्हणजे थर्ड पार्टीचा.

आधी त्या मोटारसायकलवाल्याचे पाहू, कारण जीव त्याचा गेला आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो त्याच्यासारख्यांसाठीच. मालकाने किट लपवला यात त्याच्या बायका-मुलांचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले, की पॉलिसीची अट मोडली असे कंपनीने नुसते म्हणून भागत नाही. मालकाने ती जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने मोडली हे कंपनीनेच सिद्ध करायचे. ते सिद्ध झाले तरी न्यायालय पुष्कळदा कंपनीला आधी पीडिताच्या घरी पैसे द्यायला लावते आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. म्हणजे पीडिताचे घर बहुधा वाचते, पण वसुलीची नोटीस आर्वीच्या त्या घरावर येते. मृत्यूच्या दाव्यातली रक्कम लाखांत असते. व्हॅन विकून ती फिटत नाही, घर-शेत काढावे लागते.

गाडीत बसलेल्यांची स्थिती याहून नाजूक. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी गाडीतल्या सहप्रवाशांना ती सहसा लागू होत नाही. आणि भाडे देऊन बसलेल्यांबाबत कंपनी पहिल्याच दिवशी हरकत घेते. लेकरांना अशा गाडीतून शाळेत पाठवणाऱ्या मातांनी प्लेट पिवळी आहे की पांढरी, एवढे तरी पाहावे.

आता स्वतःच्या गाडीची भरपाई. इथे कंपनीचा हात बराच मोकळा असतो, पण पूर्ण मोकळा नसतो. 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका जीपचे प्रकरण आले होते. विमा खासगी वापराचा, धंदा टॅक्सीचा, आणि गाडी लुटून नेलेली. न्यायालयाने म्हटले की चोरीचा आणि वापराचा संबंध नाही, आणि दाव्याच्या 75 टक्के रक्कम मालकाला मिळाली. 2010 साली भाड्याने दिलेल्या गाडीच्या अपघातातही दावा संपूर्ण फेटाळणे न्यायालयाला मान्य झाले नाही. म्हणून बदलाचा आणि अपघाताचा संबंध काय, हे विचारायचे असते. गॅसच्या नळीतून आग लागली आणि किट कुठेच नोंदलेला नसला, तर मालकाची बाजू फारच लंगडी. उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकले तर किटचे कारण सांगणाऱ्या कंपनीशी भांडायला जागा आहे. तरीही 75 टक्के मिळवण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, हे विसरू नये.

कायद्याला सगळेच बदल सारखे नाहीत. कलम 52 प्रमाणे मंजूर गॅस किट बसवता येतो, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करता येतो, मात्र आरटीओकडे नोंद हवी. उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केले. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्याचे पत्र केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना पाठवले होते. बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घरचा सिलिंडर गाडीत ठेवणाऱ्यांविषयी तर काय बोलावे! तो कुठल्याच कागदावर नोंदवता येत नाही.

आणि किट नोंदवायला खर्च किती? मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफपासून चालत आलेला हिशेब असा: किटच्या किमतीच्या 4 टक्के, वर थर्ड पार्टीसाठी 60 रुपये. 40,000 चा किट असेल तर वर्षाला 1,660 रुपये आणि कर. एवढ्यासाठी लोक गप्प बसतात.

विमा हलाल की हराम, या वादात आम्ही इथे शिरत नाही. व्याज आणि अनिश्चितता यांमुळे अनेक उलेमांचा पारंपरिक विम्याला आक्षेप आहे, आणि कायद्याची सक्ती असेल तिथे त्यांच्यातलेच अनेक जण सवलत देतात. पण चुकून माणूस मेला तर दियत द्यायची, आणि तो भार मारणाऱ्याच्या आकिलाने, म्हणजे त्याच्या नातलगांच्या गटाने, वाटून उचलायचा, ही रीत फिकहमध्ये जुनीच आहे. करार केला की तो पाळायचा, हा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या आणि तो लपवणाऱ्या व्यापाऱ्याला खडसावणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकतो. विम्याचा फॉर्म भरतानाही ती आठवायला हरकत नाही.

आणखी एक बदल लोक बदल मानतच नाहीत, तो म्हणजे मालकाचा. मुलीच्या लग्नासाठी किंवा उमऱ्यासाठी गाडी विकली, टीटी फॉर्मवर सह्या दिल्या, पैसे घेतले, संपले. पण 2018 सालच्या निकालाप्रमाणे आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव, तोच मालक. अपघाताचा दावा विकणाऱ्याच्या दारी येतो. घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने आपोआप पुढे जाते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे जात नाही. फॉर्म 29 आणि 30 ची पोच मिळेपर्यंत विकणाऱ्याने निश्चिंत होऊ नये.

गाडीत बदल झालाच असेल तर 14 दिवसांत वर्ध्याच्या आरटीओत कळवावे आणि विमा कंपनीला लेखी पत्र द्यावे. एजंटला तोंडी सांगितलेले धरले जात नाही. कंपनीकडून ‘एंडोर्समेंट’ नावाचा कागद येतो, तो पॉलिसीला जोडून ठेवावा. दावा नाकारला तर कोणत्या अटीखाली, हे लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. तिथे दाद लागली नाही तर एक वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते, तिथे फी नाही. किंवा दोन वर्षांच्या आत वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पीडिताच्या घरच्यांनी मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. तो ते राहतात त्या जिल्ह्यातही करता येतो.