तिळगुळाआधीचा प्रश्न

पौषातली थंडी अजून पुरती ओसरलेली नाही, सकाळचे ऊन अंगावर ओढून घ्यावेसे वाटते आहे आणि गल्लीतून जाताना कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरातून तीळ भाजल्याचा खमंग वास येतोच आहे. काल भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ चढले, लेकुरवाळ्या भाजीत दाण्याचे कूट पडले. आज गुळाच्या पोळीवर तुपाची धार सुटेल, सुगडांत हरभरे, बोरे, उसाचे करवे आणि शेंगा भरल्या जातील, आणि आजपासून थेट रथसप्तमीपर्यंत जो हात पुढे येईल त्यावर आपण तिळगूळ ठेवत राहू. हात कोणाचा, हे आपण पाहत नाही. या सणाची थोरवीच त्यात आहे. वर्षभर जिन्यात नजर चुकवणारी माणसेही आज एकमेकांपुढे डबा उघडतात, आणि त्यातून काही उचलणे हीच जुन्या अबोल्याची सांगता असते.

पण आपल्याच गावात, कदाचित आपल्याच इमारतीत, एखादे घर असे असते की जिथे हा पंधरवडा दार किलकिले ठेवूनच काढावा लागतो. त्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल आहे आणि त्याला तिळाची, शेंगदाण्याची किंवा दोहोंची तीव्र ॲलर्जी आहे. मराठी स्वयंपाकात हे दोन दाणे वगळायचे म्हणजे काय वगळायचे, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो, कारण ते दिसतील तिथेच असतात असे थोडेच आहे! कोशिंबिरीत कूट आहे, भरल्या वांग्यात आहे, मिरचीच्या ठेच्यात आहे. आमटी निर्धोक वाटावी, तर तिच्यातल्या गोड्या मसाल्यात भाजलेले तीळ कुटलेले असतात. अलीकडे घरोघरी मानाने आलेले लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल चवीला खरेच छान असते; परंतु कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या तेलातून ॲलर्जी उठवणारी प्रथिने जवळजवळ निघून जातात, तशी ती घाण्याच्या तेलातून जात नाहीत. त्यामुळे त्या घरातली आई शेजारणीला आधी विचारते, भजी कोणत्या तेलात तळली? या प्रश्नाचा रोख चोखंदळपणाकडे नाही, हे शेजारणीला कळायला वेळ लागतो.

आणि बोरन्हाण! लहान मुलाचा इतका देखणा सोहळा दुसरा नसेल. काळे झबले, डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, मनगटावर वाळे, आणि हे सगळे शुभ्र काटेरी हलव्याचे. मग पाटावर बसवून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, शेंगा आणि हलवा यांचा वर्षाव, आणि खाली सांडलेले वेचायला भोवतीच्या मुलांची झुंबड. आता हा हलवा कसा होतो ते आठवून पाहावे. मंद आचेवर परातीत तीळ घ्यायचे, पाकाचे थोडे थोडे हात देत तासन्‌तास हलवत राहायचे, तेव्हा कुठे प्रत्येक तिळाभोवती साखरेचे काटे फुलतात. म्हणजे त्या दागिन्याच्या कणाकणाच्या पोटात तीळ. ज्या बाळाला तिळाचे वावडे आहे, त्याला आपण नटवतो तेच तिळांनी, आणि दोन वर्षांचे मूल अंगावरचा दागिना तोंडात घालणार नाही अशी अपेक्षा तर कोणीच करणार नाही. त्या आईने सोहळा नाकारला की मग कुजबुज होते. ‘एवढे काय कौतुक’, ‘आमच्या वेळी नव्हते बाई असले काही’, ‘थोडेसे दिले म्हणून काय होते’.

ही कुजबुज दुष्टपणाची नसते, हे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे. आपल्याकडे असे मूल सहसा पाहण्यात येत नाही. युरोपातील संशोधकांच्या पुढाकाराने कर्नाटकातील शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा खात्रीलायक वाटावी अशी अन्नाची ॲलर्जी ०.१४ टक्के मुलांत आढळली. म्हणजे हजारात एखाद-दुसरे मूल. हाँगकाँगमध्ये हेच प्रमाण दीड टक्क्याच्या घरात होते. आपले प्रमाण कमी, ही समाधानाचीच गोष्ट. मात्र त्या एखाद-दुसऱ्या मुलाच्या आईबापांच्या वाट्याला यातून एकटेपणच येते, कारण नऊशे अठ्ठ्याण्णव घरांचा अनुभव त्यांच्या विरुद्ध साक्ष देत असतो. पाहिलेलेच नाही, त्यावर विश्वास कसा बसावा?

म्हणून होते काय, ते एकदा सरळ सांगून टाकावे. दाणा पोटात गेल्यावर बहुधा काही मिनिटांत, कधी तास-दोन तासांनी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. पुढे आवाज घोगरा होतो, खोकला लागतो, श्वास घुसमटतो, रक्तदाब कोसळतो आणि खेळते मूल एकाएकी मलूल होते. त्या घटकेला उपयोगी पडते ते ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचलेले, आणि तेही वाट न पाहता. मग लगेच रुग्णालय, कारण उतरलेला त्रास काही तासांनी पुन्हा उसळू शकतो. ॲलर्जीवरचे गोड सिरप खाज कमी करते, पण बंद होणारा घसा उघडत नाही. या झटक्याला ॲनाफिलॅक्सिस हे नाव १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिले. रिशे यांना पुढे १९१३ चे नोबेल मिळाले. शंभरावर वर्षांचे हे ज्ञान आपल्या हळदीकुंकवापर्यंत मात्र अजून पोहोचायचे आहे.

आणि तरीही ज्याची इथे गरज आहे, ते आपल्याला उत्तम येते. उपवास घ्या. ‘मला आज उपास आहे’ एवढे एक वाक्य उच्चारले की यजमानाचा हात आपोआप थांबतो. ‘एक घास खाऊन बघा, काही होत नाही’ असे एकादशी धरलेल्या माणसाला कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर तो म्हणणाराच हलका ठरतो. उलट आपण किती बारकाईने विचारतो! तुमच्याकडे उपवासाला जिरे चालते का, कोथिंबीर घालू का, सैंधव आणू का, आणि साबुदाण्याची खिचडी ढवळायला कांद्याचा चमचा लागू नये म्हणून वेगळा चमचा काढतो. कोणाचा सोमवार, कोणाची संकष्टी, कोणाचे चातुर्मासात कांदा-लसूण बंद, हे सारे नात्यातल्या आणि आळीतल्या बायकांना तोंडपाठ असते. यासाठी आपण पुरावा मागत नाही की डॉक्टरांची चिठ्ठी. एखाद्याने स्वेच्छेने घेतलेल्या व्रताला आपण जो मान देतो, तो एखाद्या पोराच्या शरीरानेच त्याच्यावर लादलेल्या व्रताला द्यायला आपली जीभ का अडखळावी? (गंमत अशी की खिचडी, दाण्याची आमटी आणि दाण्याचा लाडू यांनी सजलेले आपले उपवासाचे ताट या पोराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे.) वेगळी भांडी म्हटले की सोवळ्याची आठवण होऊन मन जरा चरकते, आणि ते चरकावेच, कारण त्या नावाखाली आपण माणसांना पंक्तीबाहेर बसवले आहे. पण इथे वेगळी कढई चढवायची ती एका मुलाला पंक्तीत बसवता यावे यासाठी.

त्या आईचे आणखी एक ओझे आपण उतरवू शकतो. मुलाला काही झाले की बोट तिच्याकडे वळते, आणि त्याआधी तिचे स्वतःचे वळलेले असते. डोहाळे लागले तेव्हा दाणे फार खाल्ले, की खाल्लेच नाहीत. डिंकाचे लाडू सोसले नाहीत, की उष्टावणाला घाई झाली. शास्त्राचा सल्लाच याबाबतीत पुरता फिरला आहे, हे तिला कोणी सांगत नाही. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगत होती की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००८ मध्ये तो सल्ला मागे पडला. संशोधक गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले होते की इस्रायलमधली बाळे शेंगदाण्याचा खाऊ खातच वाढतात आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या तुलनेत त्यांच्यात ही ॲलर्जी कितीतरी कमी असते. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे घेऊन प्रयोग केला. २०१५ मध्ये निकाल आला: पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केलेल्या मुलांत पाचव्या वर्षी ही ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होती. (बाळाला द्यायचा तो अर्थात मऊ, पातळ करून, आणि इसब असलेल्याला डॉक्टरांना विचारूनच.) ज्या आयांनी त्याआधी डॉक्टरांचे ऐकून दाणा दूर ठेवला, त्यांनी कोणता गुन्हा केला? दूध-अंड्याची ॲलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची मात्र साधारण पाचातल्या एकाचीच. म्हणजे बहुतेकांना हे जन्मभराचे आहे, आणि जन्मभराच्या गोष्टीचा जाब कोणाला विचारत बसण्यात दिवस घालवू नयेत.

कायद्याचे म्हणाल तर तोही हळूहळू शिकतो, बहुधा कोणाचा जीव गेल्यावर. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापेरूज ही पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावात मळलेल्या, वेष्टनावर न लिहिलेल्या तिळांमुळे दगावली. वेष्टनावर घटक लिहिण्याचा, तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम ऑक्टोबर २०२१ पासून तिथे लागू झाला. अमेरिकेने जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ मानला. आपल्या २०२० च्या लेबल नियमांतील ॲलर्जीच्या यादीत शेंगदाणे आहेत, दूध, अंडी, सोयाबीन आहे. तीळ नाहीत! ज्या देशात तीळ भाजल्याशिवाय सूर्य मकरेत जात नाही, तिथे ही उणीव राहावी याचे नवल वाटते. ॲड्रेनॅलिनचे तयार पेनही आपल्या औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही. पुष्कळ कुटुंबे ते परदेशातल्या नातलगाकडून मागवतात, नाहीतर डॉक्टरांकडून कुपी आणि सिरिंज वापरायला शिकून ती पिशवी सदैव जवळ बाळगतात. बचत गटांच्या लाडवांच्या पाकिटांवर घटकांची यादी ठळक छापणे, बालवाडीतल्या बाईंनी ती पिशवी कुलपात न ठेवता हाताशी ठेवणे आणि सुई टोचायची वेळ कोणती हे शिकून घेणे, यांसाठी कुठल्या अधिसूचनेची वाट पाहायला नको.

येत्या दोन-तीन आठवड्यांत ज्यांच्याकडे बोरन्हाण आहे, त्यांनी आमंत्रणाच्या निरोपातच विचारावे, कोणत्या मुलाला काही चालत नाही का. होकार आला तर शेंगा वगळाव्यात. बोरे, ऊस, चुरमुरे आहेतच. हलवा साबुदाण्याचाही होतो आणि तितकाच पांढरा, तितकाच काटेरी दिसतो. फक्त दागिने करणाऱ्या मावशींना आधी विचारून घ्यावे, त्याच परातीत तिळाचा हलवा झाला होता का.