आयर्विनला किती फूट?



परदेशातल्या आपल्या गणेशोत्सवाच्या अंकाचं संपादकीय म्हणजे मोदक, ढोल-ताशे आणि देणगीचं आवाहन. ते सगळं आतल्या पानांवर आहेच. यंदा ही जागा मी सांगलीच्या माझ्या काकांना देतेय. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "नाव नको घालू, बाकी लिही काय लिहायचं ते."

काकांचं घर गावभागात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. काका-काकूंनी तीन रात्री माडीवर काढल्या. बॅटरीच्या उजेडात बुडालेल्या पायऱ्या मोजायच्या, एवढंच काम. २०२१ला पुन्हा तेच. तिकडं साताऱ्यात कोयनेचे दरवाजे उचलले की कराडला पाणी कृष्णेत मिसळतं आणि खाली सांगलीची झोप उडते. पावसाळ्यात काकांचा फोन आला की पहिला प्रश्न, "आयर्विनला किती फूट, बघितलंस का?" आम्ही ते थट्टेवारी न्यायचो.

मग एका जानेवारीत, नदी पार तळाला गेलेली असताना, काका पहाटे तीनला बॅटरी घेऊन जिन्यात उभे राहायला लागले. छातीत धडधड, तळव्यांना घाम. ईसीजी झाला, इको झाला, थायरॉईड झालं. "सगळं नॉर्मल आहे, काही झालेलं नाही." इकडं आम्ही हुश्श केलं. काकांनी मात्र त्याचा अर्थ लावला की आपण नाटकं करतोय. शेजारणीनं 'बाहेरचं' असेल म्हणून सुचवलं आणि एका अमावस्येला नारळ-लिंबाचा उताराही निघाला. मी चिडले, पण खरं सांगू? शेजारीण निदान 'काहीतरी झालंय' हे मान्य तरी करत होती.

आपल्याकडं 'बरा आहे' आणि 'येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्यायला पाहिजे' यांच्या मधला शब्दच नाही. आहे तो एकच, 'टेन्शन'. पंधरा-पंधरा दिवस कशातच मन न लागणारं नैराश्य, हात धुऊन धुऊन सोलवटून टाकणारा ओसीडी, दारू, सगळं त्याच एका पोत्यात. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

शेवटी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. चिंताविकार. डॉक्टर म्हणाले, पूर ओसरला, पण मेंदूतला भोंगा बंद करायचा राहिलाय. गोळी सुरू झाली. बाराव्या दिवशी काकांनी ती परस्पर बंद केली: "फरक नाही, आणि सवय लागायची." या गोळ्यांना गुण द्यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सवय लागते ती वेगळ्या, झोपेच्या गोळ्यांची. आणि बंद करायच्याच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. गोळी पुन्हा सुरू झाली, जोडीला समुपदेशन. समुपदेशक बाईंनी काकांना वही घालून दिली. रात्री किती वेळा जिन्यात गेलो ते लिहायचं. पाचाचे तीन करायचे, तिनाचा एक. मग न जाता दहा मिनिटं अंथरुणातच बसून राहायचं. धडधड चढते आणि आपोआप उतरते, हे स्वतः बघायचं. वहीचं पहिलं पान फार गिचमिड आहे.

काकांसारख्यांना डॉक्टरांपर्यंत न्यायला मधे कुणीतरी लागतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था आहे. मिरजेला डॉक्टर झालेला हा माणूस अंधश्रद्धेवर बोलायचा, त्याच ओघात व्यसनमुक्तीचं कामही उभं करत होता. त्यांचे चिरंजीव, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर, ते काम पुढं नेतायत. संस्थेचे 'मानसमित्र' म्हणजे तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं. प्रशिक्षण घेतात, लोकांचं ऐकून घेतात आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवतात. मला हे सगळ्यात जास्त पटतं. उतारा सुचवणारी शेजारीणही उद्या मानसमित्र होऊ शकेल.

परदेशात बसून असं काम होत नाही म्हणणाऱ्यांसाठी कॅलगरीच्या प्रा. जगन्नाथ वाणींचं नाव पुरे. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आपल्याला तेवढं जमेल न जमेल. पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बीपी आणि शुगर विचारून झालं की झोपेचं विचारता येतं. "पहाटे जाग येते का? मग काय करता?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. आणि भारतातल्या घरी फ्रिजवर १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर चिकटवायला सांगा. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

काका आता बरे आहेत. पावसाळ्यात फूट अजूनही बघतात, पण दिवसा. गोळ्यांची पट्टी देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली असते. पाहुणे असले की काकू म्हणते, "अहो, बीपीची घेतली का?"