विशेषणांची बाग आणि संत्र्याची बाग

वऱ्हाडात हिवरखेड नावाची गावं एकाहून अधिक आहेत. त्यांतली दोन घेऊ. एक अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरं अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. दोन्हीकडची माती वेगळी, पिकं वेगळी. पण ‘निसर्गाचे वर्णन’ हा विषय फळ्यावर पडला की वहीत उतरणारा निसर्ग एकच. धरती हिरवा शालू नेसते, झरे खळखळतात, पाखरं किलबिलतात, सूर्य सोनेरी किरणांची उधळण करतो. हा निसर्ग ना तेल्हाऱ्याचा, ना मोर्शीचा. तो गाइडातला आहे.

याचं समर्थन करणारे म्हणतात, खेड्यातल्या मुलाजवळ शब्दसंपत्ती नसते. आधी विशेषणं, उपमा, सुविचार पुरवावे लागतात, तेव्हा कुठे वाक्य सजीव होतं. आणि पेपर तपासणाऱ्यालाही तेच लागतं.

शब्दसंपत्ती नसते, हे म्हणणं बागेच्या धुऱ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. बागाईतदाराच्या पोराला आंबिया आणि मृग हे दोन बहार वेगळे करून सांगता येतात. बागेला ताण देतात म्हणजे पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं, हे त्यानं पाहिलेलं असतं. कोळशी आली की पानाफळांवर काळा थर चढतो, डिंक्या झाला की खोडातून डिंक गळतो, म्हणून बुंध्याला बोर्डो मलम फासतात. तेल्हाऱ्याकडच्या पोरीला बोंड, सरकी, पऱ्हाटी, डवरणी, उलंगवाडी (कापसाचा हंगाम संपणं) हे कपाशीच्या शेतातले शब्द कोणी पाठ करून दिलेले नाहीत. इतकी नेमकी नामं आणि क्रियापदं जवळ असलेल्या मुलांना आपण ‘शब्द नाहीत’ म्हणतो, आणि ‘रम्य’, ‘मनोहर’, ‘विलोभनीय’ शिकवतो. या तीन विशेषणांनी बाग दिसत नाही. लिहिणाऱ्याला ती आवडली एवढंच कळतं, आणि तेही खरं असेलच असं नाही.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. ‘संत्र्याची हिरवीगार, रम्य बाग मनाला मोहून टाकत होती.’ आता दुसरं: ‘रात्री वारा सुटला, सकाळी बाबा बागेत गेले तर बोराएवढी संत्री झाडाखाली पडलेली, त्यांनी ओंजळभर उचलली आणि काही न बोलता धुऱ्यावर टाकली.’ दुसऱ्यात विशेषणं दोनच, ‘बोराएवढी’ आणि ‘ओंजळभर’, आणि तीही माप सांगण्यापुरती. बाकी सगळं काम क्रियापदांनी केलं.

अलंकाराचे कैवारी इथे संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीचं नाव काढतील. काढू द्या. ‘काव्यादर्शा’त दंडीनं अर्थालंकारांची सुरुवातच स्वभावोक्तीनं केली, म्हणजे वस्तू जशी आहे तशी डोळ्यांपुढे उभी करण्यापासून. भामहाला तिच्याविषयी शंका होती, कुंतकानं तर तिला अलंकार मानायलाच नकार दिला. पण दंडीच्या यादीत ती पहिली. आणि हाच दंडी ज्या मार्गाची वाखाणणी करतो त्याचं नाव वैदर्भ, आपल्याच मुलखाचं. अनुप्रासाचा सोस त्यानं गौडांच्या पदरात घातला. विदर्भातल्या शाळा आज पोरांना गौडी शिकवतात, हे त्याला कळतं तर त्यानं काय म्हटलं असतं कोण जाणे!

दंडी दूरचा वाटत असेल तर मोर्शी तालुक्यातलंच रिद्धपूर घ्या. तिथे 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून, आठवणी ताडून पाहून. कोण कुठे बसलं, काय बोललं, जेवायला काय होतं, हे सगळं आखूड, साध्या वाक्यांत. मराठी गद्याचा पाया या विचारपुशीवर उभा आहे, शालूवर नाही.

मात्र ‘जे दिसतं ते लिहा’ एवढं सांगून मोकळे होणारे शिक्षकही मला पटत नाहीत. त्यातून ‘बाग आहे. झाडं आहेत. झाडांना संत्री आहेत’ एवढंच निघतं, आणि मग गाइडवाल्यांना हसायला जागा मिळते. नजर शिकवावी लागते, आणि ती प्रश्नांनी शिकवता येते. कोणतं झाड, विहिरीजवळचं की धुऱ्यावरचं? तेव्हा कोण काय करत होतं? आधी काय ऐकू आलं? वास फुलांचा होता की फवारणीचा? बाबा काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत सांग. दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद पुन्हा लिहायचा, आणि जो शब्द खोडल्यावर काही बिघडत नाही तो खोडायचा. यात वेळ जातो, खरं आहे. पाठांतरातही जातोच.

उरला गुणांचा धाक. प्रमाण मराठीचं व्याकरण नीट शिकवलंच पाहिजे, त्यात सूट नको. पण वस्तूचं नाव गावातलं आलं म्हणून वाक्य अशुद्ध होत नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली माणसं 1960 साली वऱ्हाडीत बोलली आणि ती कादंबरी साऱ्या महाराष्ट्रानं वाचली. तेल्हारा तालुक्यातल्याच विठ्ठल वाघांनी कवितेला ‘तिफन’ हे नाव दिलं, पेरणीच्या अवजाराचं. दहावीला प्रसंगलेखन असतं, आणि प्रसंग म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं. तिथे पाठ केलेली पहाट कामाला येत नाही.

तेव्हा दोन्ही हिवरखेडांतल्या गुरुजींना आणि मॅडमना एवढीच विनंती आहे. येत्या हंगामात फळ्यावर ‘निसर्गाचे वर्णन’ लिहू नका, तेल्हाऱ्याकडे ‘शेवटच्या वेचणीचा दिवस’ लिहा, मोर्शीकडे ‘संत्र्याच्या तोडणीचा दिवस’. गाइड दप्तरात ठेवायला लावा. आणि वह्या तपासताना ‘उलंगवाडी’खाली लाल रेघ मारू नका.