रडणं म्हणजे भूकच असं नाही
बाळ दीड महिन्याचं झालं, संध्याकाळी तासन्‌तास रडू लागलं, की घरात एकच निदान होतं: आईचं दूध पुरत नाही. लगेच वरचं दूध सुरू होतं. हे निदान अनेकदा चुकतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 80 बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास रडणं दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचलं, मग उतरत गेलं. दूध पुरतंय का, हे वजनावरून आणि ओल्या लंगोटांवरून ठरवावं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा तरी भिजायला हवेत. जन्मानंतर घटलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यायला हवं. बाटली आली की बाळ अंगावर कमी पितं, आणि जितकं ओढलं जातं तितकंच दूध बनत असल्याने ते खरोखरच कमी होतं.

काही आयांना दूध खरंच कमी येतं, हा आक्षेप रास्त आहे. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध देण्यात कसलाही कमीपणा नाही. ताप, हिरवी उलटी, मलूलपणा दिसला तर मात्र थेट दवाखाना गाठावा. आणि आजीचा अनुभव? बाळाला खांद्यावर घेऊन शांत करण्यात तिचा हात कोण धरणार! फक्त मधाचं बोट पहिलं वर्षभर नको, त्यातून बॉट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो. खरी अडचण वेगळीच आहे. सव्वा महिना झाला की मदतीची माणसं पांगतात, आणि रडणं नेमकं तेव्हाच टोकाला पोचतं. बाबांची रजा तर बहुधा त्याआधीच संपलेली असते.