मेणबत्ती धरणारा

एखाद्याला कमी लेखायचं तर इंग्रजीत म्हणतात, 'ही कान्ट होल्ड अ कॅन्डल टू हिम.' आपलं 'पासंगालाही पुरत नाही' तसंच. पण पासंग म्हणजे पारडी सारखी करायला ठेवलेला दगडबिगड. तिथे मात्र जिताजागता माणूस आहे. उस्ताद काम करणार, नोकर मेणबत्ती धरून उभा. तेवढीही तुझी लायकी नाही, असा अर्थ! मला हे खटकतं. त्याचा हात हलला तर उस्ताद काय करणार होता? बरं, मेणबत्तीही स्वस्त नव्हती. इंग्लंडात १८३१ पर्यंत तिच्यावर कर होता. 'द गेम इज नॉट वर्थ द कॅन्डल' हा मूळ फ्रेंचांचा वाक्प्रचार, म्हणजे पत्त्यांच्या डावातून मेणबत्तीचा खर्चही सुटत नाही. तिची किंमत भाषेने मांडून ठेवली, धरणाऱ्याची नाही. असो, मी आपली पासंगच वापरते.