आराखडा पावसापासून सुरू व्हावा

करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत आणणे हाच प्रश्न होता. आजचा प्रश्न निराळा आहे: शाळेत आलेले मूल शिकते काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविले असून, तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावयाचे आहेत. सहावी ते आठवीच्या वर्गांस वर्षाला २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावे, असेही त्यात नमूद आहे.

आता गगनबावड्याकडे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत अधिक पाऊस याच घाटमाथ्यावर कोसळतो, आणि शाळेचे वर्षही जूनातच उघडते. ओढा भरला की पलीकडच्या वाडीतील मूल घरी राहते. हजेरीपटावर तो एक गैरहजर दिवस. परंतु त्या दिवशी बुडालेला अपूर्णांकांचा पाठ पुढे बीजगणितात त्याला अडवितो. म्हणून आराखड्याचा आरंभ भिंतीच्या रंगापासून नव्हे, पावसापासून झाला पाहिजे. कोणाचे किती दिवस चुकले, कोणता पाठ बुडाला, तो पाऊस ओसरल्यावर कोणी व केव्हा भरून काढावयाचा, हे पालकांनी व शिक्षकांनी एकत्र बसून लिहावे.

आमचे व्यापारी बंधू जुनी खतावणी तपासल्यावाचून नव्या चोपडीस हात घालीत नाहीत. मुलांच्या विद्येची थकबाकी मात्र न पाहताच पुढच्या इयत्तेत ओढली जाते! आराखड्यावर सही करणाऱ्या पालकाने सहीपूर्वी एवढा हिशेब मागावा. हक्क कायद्याने दिला आहे. तो बजावणे आपले काम आहे.